दुसरा खिळा

रेवसच्या धक्क्याजवळ खाडीत जुन्या लाकडी मेढी उभ्या होत्या. ओहोटी लागली की त्यांच्यावर पाणकावळे येऊन बसत आणि पंख पसरून वाळवत राहत. दुपारची बोट सुटली की त्याच सुमाराला आमच्या कचेरीच्या पायरीवर भिकूनाना येऊन उभे राहत. कोपरापर्यंत धुतलेले दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं फाकलेली, तोंड वाऱ्याकडे. वाऱ्याने डोक्यावरची टोपी हलू लागली तरी हात जागचे हलत नसत. "अहो हिशेबनीस, तेवढी टोपी धरा," म्हणून मला हाक येई. हात पुरते वाळले की मगच ते टोपी माझ्याकडून परत घेत.

हमालांनी त्यांचं नाव पाणकावळा ठेवलं होतं. ते नानांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना आवडलंही होतं. ते म्हणत, "शहाणा पक्षी आहे. दुसऱ्याच्या पंखांना अंग पुसताना कोणी पाहिलाय त्याला?"

मी तेव्हा मुंबई आणि रेवस यांच्यामध्ये बोटी चालवणाऱ्या एका लहानशा कंपनीत हिशेब लिहीत असे. महाडच्या तळ्याच्या पाण्यावरून सगळा जिल्हा ढवळून निघाला होता, त्यानंतरची ही दोन-तीन वर्षं. नाना कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून आमच्याकडे माल-कारकून म्हणून आले. मूळचे नागावचे, नारळी-पोफळीच्या वाडीवाल्या ब्राह्मण घरातले. आडवा बांधा, बारीक कापलेले केस, आणि आवाज असा की बोटीचा भोंगा वाजत असतानाही ऐकू यावा.

आले त्या दिवशी बोटीतून उतरून त्यांनी पहिल्यांदा आमच्या पिंपाच्या तोटीखाली हात धुतले. पाहुण्याचा मान म्हणून मी खिळ्यावरचा पंचा काढून पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. नुसती मान पुढे करून त्याचा वास घेतला आणि विचारलं, हा धुतला कधी. मी म्हटलं, रविवारी. वार शुक्रवार होता. मग विचारलं, याला हात पुसतात किती जण. हिशेब हा माझा धंदाच, तेव्हा कचेरीतले, बोटीवरचे आणि हमाल धरून मी तीसच्या आसपास सांगितले.

"मग तुम्ही मला पंचा नाही देत आहात," नाना म्हणाले. "तीस माणसं देताय."

आणि धोतराच्या कनवटीतून त्यांनी पांढऱ्या फडक्याचा एक चौकोनी तुकडा काढला, हात टिपले, आणि मला नमस्कार केला.

धक्क्यावरच्या माणसाचा हात दिवसभर कशाकशाला लागतो ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून समजणार नाही. सुक्या बोंबलांच्या पाट्या, गुळाच्या ढेपी, कोंबड्यांची खुराडी, ओले दोरखंड, आजारी माणसाला मुंबईच्या इस्पितळात नेणारी डोली. शिवाय तिकिटं आणि सुटे पैसे, जे कोणाच्या तोंडातून, कोणाच्या कमरेतून येतील ते. गोडं पाणी गाडीवरून आणावं लागे, पण हात धुण्यात आमच्याकडे कोणी कुचराई करत नसे. नानांचा आक्षेप त्याच्या पुढे होता. "हात धुवायला सगळेच शिकलेत," ते म्हणत. "पुसायला कोणी शिकला नाही. पाणी मळ नेतं आणि पंचा तो परत आणून देतो. मधल्यामध्ये आपण पाणी वाया घालवलं एवढंच."

पुसायचं कसं, याचे त्यांनी प्रयोग केले. आधी वारा. उन्हाळ्यात दुपारी तो बरा चाले, पण सकाळ-संध्याकाळी रेवसचा वारा हात वाळवत नाही, खारवतो; बोटं चिकट ती चिकटच. मग ते बोटीवर जाऊन बॉयलरच्या धगीसमोर हात धरू लागले. हात पटकन वाळत, यात शंका नाही, पण काजळीने काळे होत, आणि भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला म्हणे, "नाना, आज भाकरी पन शेकून देऊ का?" त्यानंतर त्यांनी टीपकागद धरला. तो सगळ्यांत सरस ठरला. एका कागदात दोन हात कोरडे, आणि कागद फेकून मोकळं. पण वापरलेला टीपकागद हाती आला की कोणाच्या तरी सहीची उलटी शाई तळहातावर उठे, आणि नवा वापरला की महिनाभराचा कागद आठवड्यात संपे. शेवटी ते स्वतःच्या फडक्यांवर आले. जुन्या धोतरांचे वीतभर तुकडे, चारी कडा दुमडून शिवलेले, रोज निराळं. आठवड्याची फडकी नागावला घरी जात, राखेच्या पाण्यात उकळत, पोफळींमधल्या दोरीवर कडकडीत उन्हात वाळत आणि घड्या होऊन परत येत. "फडकं एकदा ओलं झालं की त्याची नोकरी संपली," असा त्यांचा नियम होता. सकाळचं फडकं संपलं की दुपारी पुन्हा पाणकावळा.

त्या फडक्यांची शिवण मात्र वेडीवाकडी असे, आणि प्रत्येकाच्या एका कोपऱ्याला दोऱ्याची गाठ असे. घरी वहिनी शिवत असतील, पण त्यांचा हात इतका कच्चा कसा, असं मला वाटे. विचारणं बरं दिसत नव्हतं म्हणून विचारलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. गेलं नाही, कारण तो पंचा साधा पंचा नव्हता.

आमचे मॅनेजर भास्करराव हे जातीने ब्राह्मण आणि मनाने पक्के सुधारक. ते येण्याआधी पिंपाजवळच्या भिंतीत तीन खिळे होते आणि तीन पंचे. एक कारकुनांचा, एक खलाशांचा, एक इतरांचा. आणि गावाबाहेरच्या वस्तीतली जी माणसं हमालीला येत, त्यांना खिळाही नव्हता आणि तोटीला हात लावायची मुभाही नव्हती. भास्कररावांनी आल्याबरोबर दोन खिळे स्वतःच्या हाताने उपसून खाडीत फेकले. उरलेल्या एका खिळ्यावर नवा पंचा लावला आणि त्या वस्तीतल्या सखारामला बोलावून म्हणाले, पहिले हात तुम्ही पुसायचे.

सखाराम महायुद्धात पलटणीबरोबर परमुलखात जाऊन आलेला होता. ताठ मानेचा, मिशा पीळदार. भास्कररावांनी त्याला हमालीतून काढून तिकीट तपासायला दरवाजात उभं केलं होतं, आणि सगळे त्याला जमादार म्हणत. त्या दिवशी त्याने हात पुसले तेव्हा मी तिथे होतो. हात तर केव्हाच कोरडे झाले होते, पण तो पंचा सोडत नव्हता.

तेव्हापासून रीतच पडली. पावसाळ्यात बंद राहिलेल्या बोटी नारळीपौर्णिमेनंतर सुरू होत. त्या दिवशी दर्याला नारळ दिला की खिळ्यावर नवा पंचा चढे, आणि मॅनेजरांपासून हमालापर्यंत सगळे रांगेने हात धुऊन त्याला पुसत. भास्कररावांना यासाठी त्यांच्या ज्ञातीने पंक्तीतून उठवलं होतं. माणूस सच्चा होता, हे मी आधीच लिहून ठेवतो.

पण या सच्चेपणातून आमच्याकडे एक अडचण झाली होती, जी दुसऱ्या कुठल्या कचेरीत होणं शक्य नव्हतं. दुसरा पंचा लावता येत नव्हता. पहिला धुवायला गेला तर त्याच्या जागी दुसरा, इतकंच काय ते. पण एका वेळी दोन म्हणजे दोन खिळे, आणि दोन खिळे म्हणजे पुन्हा जुनी गोष्ट. त्यामुळे भाद्रपदाच्या दमट हवेत तो एकच पंचा दिवसभर ओला लोंबत असे, आणि तो ओला आहे असं म्हणण्याचीही चोरी झाली होती.

नानांची पहिली नारळीपौर्णिमा आली. नारळ झाला. रांग लागली. नानांच्या पुढे नेमका जमादार होता. जमादाराने हात पुसले आणि अदबीने पंच्याचं कोरडं टोक नानांकडे केलं. नानांनी ओले हात जोडून त्याला नमस्कार केला, कनवटीचं फडकं काढलं आणि त्याला हात टिपून पुढे गेले.

 जमादाराच्या हातात ते टोक तसंच राहिलं. मग त्याने पंचा नीट घडी करून खिळ्यावर ठेवला आणि दरवाजात आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

भास्कररावांनी नानांना आत बोलावलं. मी शेजारच्याच मेजाशी होतो. भास्करराव म्हणाले की इतकी वर्षं मुंबईत राहूनही नागावचं सोवळं सुटलं नाही, याचं वाईट वाटतं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रांगेत माझ्यापुढे माझे वडील असते तरी मी हेच केलं असतं. आणि तुम्ही असतात तर आधी केलं असतं. तुम्हाला पडसं झालंय."

भास्करराव चिडले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की दिवाळीच्या पाडव्याला कचेरीचं नवं वर्ष सुरू होतं, त्या दिवशी पुन्हा सगळ्यांनी रांगेने हात पुसायचे. नानांनी त्या पंच्याला पुसले तर झालं गेलं विसरू. नाही तर या धक्क्यावर त्यांना जागा नाही. नाना म्हणाले, बरं. एवढंच.

ही नोकरी गेली तर नानांचं काय होईल हे मला ठाऊक होतं. वाडी चार भावांत होती आणि थोरल्या भावाच्या हाती होती. मुंबईची कचेरी माणसं कमी करत होती म्हणूनच ते इकडे आले होते. मी त्यांना म्हटलं, नाना, पाडव्याला एकदा पुसा, वर्षभराचं भागेल. ते म्हणाले, "एकदा पुसला तर माझं म्हणणं स्वच्छतेचं होतं असं कोण मानेल? सगळे म्हणतील, बामण नोकरीसाठी बाटला. मग जमादाराचा अपमान कायमचा खरा ठरेल."

धक्क्यावर त्यांचं नाव आता पाणकावळा राहिलं नाही, सोवळेपंत झालं. हमाल त्यांना रस्ता देताना उगाच दोन हात लांब सरत आणि म्हणत, "सरा रे, नानांना विटाळ व्हईल." नाना मुद्दाम त्यांच्यात घुसून पाटीला हात लावत आणि म्हणत, "विटाळ तुमच्या अंगात नाही रे, त्या खिळ्यावर लोंबतोय." याने कोणाचं समाधान होत नसे. जमादार मात्र चेष्टा करत नव्हता. तो नानांना रोज सलाम करी आणि एक शब्द बोलत नसे. मला वाटतं नानांना लागत होतं ते तेवढंच.

एका रविवारी ते नागावला गेले नाहीत. सकाळी माझ्या बिऱ्हाडी आले आणि म्हणाले, जमादाराचं घर दाखवा. मी म्हटलं, तिन्हीसांजेला जाऊ, कोणी पाहणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घातल्या. भर उन्हात, गावातल्या मधल्या वाटेने, देवळासमोरून आम्ही वस्तीत गेलो.

जमादार अंगणात जाळं विणत बसला होता. उठून उभा राहिला, पण या म्हणाला नाही. नाना पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. जमादाराने बायकोकडे पाहिलं. तिने घरातला एकुलता पितळी गडू घासून भरून आणला. नानांनी तो तोंडाला लावून रिकामा केला आणि आणखी मागितला. मीही प्यालो.

"पाणी प्यालात," जमादार म्हणाला. "पावलं. पन त्या दिशी समद्यांम्होरं माजा हात तसाच ऱ्हायला. लोकांनी काय समजायचं, नाना? माज्या पोरांनी काय समजायचं?"

नानांनी कनवटीचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं आणि शिवण बघायला सांगितलं. मग ते बोलले. मी नानांना तसं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

"हे माझी बहीण मथू शिवते. तिला दिसत नाही. कोपऱ्याला गाठ मारते, म्हणजे सुरुवात कुठे केली ते बोटाला कळतं. आम्ही लहान असताना घरात डोळे आले. विहिरीवर एक पंचा होता. आई रोज सकाळी सगळ्यांची तोंडं त्याला पुसायची, मोठ्यापासून सुरुवात. मथू सगळ्यांत धाकटी. तिच्यापर्यंत येईतो पंच्यात आम्हा सगळ्यांचे डोळे उतरलेले असायचे. आमचे बरे झाले. तिचे गेले. आमच्या घरात तेव्हा सोवळं इतकं होतं की बाहेरचं माणूस पायरी चढत नव्हतं. मथूचे डोळे परक्याने नाही नेले, जमादार, आईच्या पंच्याने नेले. पाणी मी कोणाच्याही हातचं पिईन. ओला पंचा आईचाही घेणार नाही."

जमादार बराच वेळ फडक्याच्या गाठीवर बोट फिरवत राहिला. मग ते परत देऊन म्हणाला, "हे समद्यांना का न्हाय सांगत?"

"कीव करून फडकं घ्यावं असं मला वाटत नाही," नाना म्हणाले. "पटलं तर घ्यावं."

परत निघताना जमादार वेशीपर्यंत आला, पण त्याचा चेहरा मोकळा झाला नव्हता. त्याचं म्हणणं एकच होतं: तुमचं खरं असेल नाना, पण तो पंचा माझ्यासाठी निव्वळ पंचा नाही. नाना म्हणाले, ठाऊक आहे. म्हणूनच अवघड आहे.

रेवसची बातमी नागावला पोचायला वेळ लागत नाही. पुढच्या रविवारी नाना घरी गेले तर थोरल्या भावाने, म्हणजे भाऊंनी, त्यांचं ताट ओटीवर वेगळं मांडलं. प्रायश्चित्त घ्या आणि आत या, म्हणाले. नानांनी ओटीवरच जेवण केलं, ताट स्वतः घासलं, आणि मथूकडून फडक्यांचा गठ्ठा घेऊन सोमवारी धक्क्यावर हजर झाले. मला म्हणाले, "बघा हिशेबनीस, रेवसला मी सोवळा आणि नागावला बाटलेला. अलिबागेत उतरावं म्हणतो मधल्यामध्ये, तिथे तरी मी कोण ते कळेल." आणि मोठ्याने हसले. त्या आठवड्यात घरून शिधा आला नाही, त्यांनी भाकरी बाजारातून घेतली, हेही मी पाहिलं.

आश्विनात डोळे आले. पहिल्यांदा दोन हमालांचे, मग आगवाल्याचे, मग माझे. बघता बघता कचेरीत अर्ध्याहून जास्त माणसं लाल डोळ्यांनी बसू लागली. जमादाराचे इतके सुजले की तिकिटावरचे आकडे त्याला दिसेनात. आता नानांचं म्हणणं सिद्ध झालं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला आकडे लपवायची सवय नाही, म्हणून सांगतो: नानांचेही डोळे आले. बहुधा तिकिटं हाताळून, बहुधा एखाद्या पाटीवरून, कोण जाणे. धक्क्यावर हशा पिकला. भास्करराव म्हणाले की ऑक्टोबरच्या उन्हाने दर वर्षी येतात, त्याला पंचा काय करणार. आगवाला लाल डोळे मिचकावत म्हणाला, "काय नाना, फडक्याला बी डोळे आले वाटतं?"

नाना भिंतीला टेकून, डोळ्यांवर ओला कापूस धरून बसले होते. त्यांनी कापूस काढला नाही. "आले," ते म्हणाले. "चोर छपरावरून आला म्हणून दाराची कडी काढून ठेवू का?"

त्या दिवसांत एक गोष्ट घडली. जमादार लाल डोळे घेऊन घरी जाई आणि आपली सगळ्यांत धाकटी मुलगी उचलून घेई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचे डोळे चिकटले. जमादाराने बायकोला विचारलं, पोरीचं तोंड कशाला पुसतेस. तिने दोरीवरचा लुगड्याचा तुकडा दाखवला. त्यालाच जमादारही तोंड पुसत होता. हे त्याने मला पुढे सांगितलं. त्या संध्याकाळी त्याने तो तुकडा चुलीत घातला आणि घरातलं जुनं धोतर फाडून माणसागणिक एक फडकं केलं. मुलीचे डोळे बरे झाले. ते फडक्याने झाले की आपोआप, हे मी सांगू शकत नाही. जमादारानेही तसा दावा कधी केला नाही.

पाडवा आला. कचेरीला आंब्याचं तोरण लागलं. पूजा झाली, आणि भास्कररावांनी खिळ्यावर नवा कोरा पंचा स्वतः चढवला. सगळे जमले होते. नाना हात धुऊन रांगेत उभे होते, कनवटीला फडकं दिसत होतं, आणि पायाशी त्यांची वळकटी बांधलेली होती. निकाल त्यांनी आधीच लावून टाकला होता. पहिला मान रीतीप्रमाणे जमादाराचा.

जमादाराने हात धुतले. ओल्या हातांनीच कोटाच्या खिशातून एक खिळा काढला आणि दरवाजामागचा लोखंडी खुंटा उचलला. पंच्याच्या खिळ्यापासून हातभर अंतरावर, जुन्या खिळ्याचं भोक अजून भिंतीत दिसत होतं, ते सोडून शेजारी, त्याने तो खिळा ठोकला. ठोकताना कोणी त्याला अडवलं नाही. त्या धक्क्यावर दुसरा खिळा ठोकायचा हक्क फक्त त्याला होता, आणि ते सगळ्यांना एकदम उमगलं.

मग त्याने खिशातून फडकं काढलं, त्याला हात पुसले आणि ते आपल्या खिळ्याला लावलं.

भास्करराव पुढे आले. ते म्हणाले, "जमादार, हे तुम्ही करता?"

"साहेब, तुमी उपसले ते खिळे जातीचे व्हते," जमादार म्हणाला. "ह्यो माज्या नावाचा हाय. माजं नाव कुनाच्या खाली न्हाय आन् कुनाच्या वर न्हाय."

मग मागे वळून नानांना म्हणाला, "नाना, दुसरा खिळा आनलाय. ठोका माज्या बाजूला. पन आधी ती वळकटी आत ठेवा, पायात येतीया."

नानांनी ठोकला. त्यांचा हात लागत नव्हता नीट, पहिल्या घावाला खिळा वाकला. आगवाला म्हणाला, "द्या हिकडं, माल-कारकुनाला लोखंडाचं काय कळतंय." त्यावर हसू फुटलं, आणि तो ताण सुटला.

भास्करराव शब्दाचे पक्के होते. नाना त्या पंच्याला हात पुसत नाहीत तोवर त्यांना जागा नाही, असं ते म्हणाले होते. पण मग जमादारालाही काढावं लागलं असतं. ते तसेच आत गेले. नानांची नोकरी राहिली, बढती मात्र पुढे कधी झाली नाही. त्यांच्या मागून आलेले दोघे वर चढले. नानांनी त्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही.

दिवाळीनंतर भिंतीवर खिळे वाढत गेले. ज्याने आधी ठोकला त्याचा आधी, एवढाच क्रम. सगळ्यांचीच फडकी रोज उकळून येत होती असं मी म्हणणार नाही. काहींची तर पंच्याहून वाईट असत, आणि नाना फिरून त्यांचा वास घेत आणि नावानिशी शिव्या देत. भास्कररावांनी मात्र शेवटपर्यंत माघार घेतली नाही. ते रोज त्या समाईक पंच्यालाच हात पुसत. दुसरं कोणी पुसेनासं झालं, तेव्हा तो पंचा त्यांचा एकट्याचाच झाला. बदली होऊन ते गेले त्या दिवशी नाना मला म्हणाले, "या धक्क्यावर माझं म्हणणं सगळ्यांत काटेकोरपणे कोणी पाळलं असेल तर भास्कररावांनी."

नाना पुढे आठ-नऊ वर्षं आमच्यात होते. नागावच्या घरात त्यांचं ताट शेवटपर्यंत ओटीवरच राहिलं. प्रायश्चित्त त्यांनी घेतलं नाही, आणि रविवारची खेपही चुकवली नाही. मी एकदा विचारलं, अपमान वाटत नाही का. "वाटतो," ते म्हणाले. "पण ओटीवर वारा छान असतो."

ते तापाने गेले. निरोप आला तेव्हा सकाळची बोट धक्क्याला लागत होती. आम्ही पाच-सहा जण निघालो, जमादार आमच्याबरोबर. नागावला पोचेतो नानांना किनाऱ्यावर आणलं होतं. सुरूच्या झाडांपलीकडे, समुद्राच्या काठाशी. भावकी एका बाजूला उभी होती आणि आम्ही दुसऱ्या. जमादारामुळे मधलं अंतर थोडं जास्तच होतं.

सगळं झाल्यावर रिवाजाप्रमाणे आम्ही समुद्रात बुडी मारून आलो. अंगावरचे कपडे निथळत होते आणि कनवटीची फडकी त्यांच्याबरोबर भिजली होती. भाऊ भावकीतल्या एकेकाला पंचा देत होते. घरचाच, धुवट, लाल काठांचा. तो फिरत फिरत त्यांच्या हातात परत आला. ते क्षणभर थांबले. मग ते मधलं अंतर चालून आमच्याकडे आले आणि त्यांनी पंचा पुढे केला. पहिल्यांदा मला नाही, जमादाराला.

ज्या माणसाने एका गडूभर पाण्यासाठी सख्ख्या भावाला आठ-नऊ वर्षं ओटीवर जेवू घातलं, त्याने हे केलं. मागे भावकी टक लावून बघत होती.

जमादाराने दोन्ही ओले हात जोडले.

"भाऊ, पंचा दिलात, तो पावला," तो म्हणाला. "पन पुसनार न्हाय. समद्यांनी पुसलंय त्याला. नानांनी ऐकून घेतलं नसतं."

भाऊ पंचा धरून तसेच उभे राहिले.  मग जमादार वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला, हात अंगापासून लांब धरून, बोटं फाकून. त्याच्याशेजारी मी. माझ्यापलीकडे आगवाला आणि बाकीचे. ओळीने सगळे हात पसरून समुद्राकडे बघत राहिलो. भावकीतलं कोणीतरी हलक्या आवाजात विचारलं, हे काय चाललंय. भाऊंनी पंचा खांद्यावर टाकला, आमच्या ओळीच्या टोकाला आले, आणि आपले हात पसरले.

वारा खारा होता. हात वाळायला वेळ लागत होता. आम्हाला घाई नव्हती.